पेस्तनजींची पेढी आणि वऱ्हाडचा वसूल

इ. स. १८२५-२६ च्या हंगामात वऱ्हाडातून पाचशे बैलांच्या पाठीवर लादलेला कापूस घाटाच्या वाटेने मुंबईस रवाना झाला. दर बैलामागे २४० पौंड, म्हणजे एकंदर १,२०,००० पौंड माल, आणि त्याची किंमत पंचवीस हजार रुपये. तोपर्यंत या प्रांतातला कापूस बहुतेक बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर शेकडो मैलांची मजल मारून गंगेकाठच्या मिर्झापूरच्या पेठेत जात असे. पश्चिमेच्या बंदरास नजरेत भरेल एवढा माल पोहोचवण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता, आणि तो करणारे विकाजी व पेस्तनजी मेहरजी हे बंधू तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तारापूरचे पारशी होते. कापसाच्या दलालीने वऱ्हाडात शिरलेली ही पेढी पुढे पंधरा वर्षांच्या आत याच प्रांताच्या मोठ्या भागाचा सरकारी वसूल गोळा करू लागली, औरंगाबादच्या टांकसाळीतून तिच्या नावाने ओळखला जाणारा पेस्तनशाही रुपया बाहेर पडू लागला, आणि आणखी चार-पाच वर्षांत ती सत्तेच्या दारातून अशा रीतीने बाहेर लोटली गेली की चाळीस लाखांचे येणे दप्तरात लिहिलेले आणि हातात मात्र काही नाही, अशी तिची अवस्था झाली. पेढीवाल्याचा पैसा राज्यकर्त्याच्या घरात शिरतो तेव्हा त्याचे पुढे काय होते, आणि विशेषतः त्याची भरपाई शेवटी कोणाच्या पदरातून होते, हे समजून घेण्यास वऱ्हाडच्या इतिहासात याहून बोलके प्रकरण मला आढळले नाही.

प्रकरण समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. नोव्हेंबर १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर आणि पुढे डिसेंबरात गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाल्यावर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. निजामाच्या राज्याचे उत्पन्न बरेच होते, पण खर्च त्याहून जास्त होता. आणि त्या खर्चातील सर्वांत अवघड कलम म्हणजे इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली उभारलेली, आधी रसेल ब्रिगेड आणि मागाहून हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली गेलेली फौज. तिच्यावर हुकूम इंग्रजांचा आणि तिचा पगार निजामाचा, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. शिपायाचा पगार दरमहा द्यावा लागतो. कुणब्याचे पीक वर्षातून एकदा, फार तर दोनदा घरात येते. जमीनमहसुलावर चालणाऱ्या प्रत्येक राज्याला ही अडचण असते, आणि ती भरून काढण्यासाठीच दरबारी सावकार नावाची संस्था अस्तित्वात आली.

तिची पद्धत अशी असे. सावकाराने खजिन्यात किंवा थेट फौजेच्या बक्षीकडे रोख भरणा करावयाचा. त्याबद्दल सरकारने एखाद्या परगण्याचा वसूल त्याच्या नावे लावून द्यावयाचा, म्हणजे त्या परगण्यावर वरात काढावयाची किंवा तो सरळ इजाऱ्याने द्यावयाचा. सावकाराने आपला नायब, कारकून आणि अरबांची किंवा रोहिल्यांची एखादी तुकडी तेथे पाठवून मुद्दल, व्याज, नाण्यांच्या बदल्यातील बट्टा आणि वसुलीचा खर्च एवढे सगळे त्या मुलखातून काढून घ्यावयाचे. इजाऱ्याची मुदत अनिश्चित असे. दरबारात उद्या कोणी जास्त बोली केली तर आजचा इजारदार हुकमासरशी दूर होई. सबब जो आज आत आहे त्याने आजच जेवढे काढता येईल तेवढे काढावे, पुढल्या साली विहीर बांधावयास तगाई द्यावी किंवा पडीत जमिनीस कौल देऊन वस्ती वाढवावी हा विचार त्याने करावाच का, असे या व्यवस्थेचे तर्कशास्त्र होते. खाजगी देण्याघेण्यात आपल्याकडे दामदुपटाचा दंडक असे. व्याज मुद्दलाहून वाढू नये, हे खेड्यातल्या सावकारासही निदान तत्त्वतः मान्य करावे लागे. परगणाच ज्याच्या हाती लागला त्याला हा दंडक शिकवणार कोण?

हे सारे ज्यांच्या कारकिर्दीत परमावधीस पोहोचले ते राजा चंदूलाल. नावाला दिवाण दुसरेच कोणी असले तरी शतकाच्या पहिल्या दशकापासून १८४३ पर्यंत निजामशाहीचा कारभार वस्तुतः या पेशकाराच्या मुठीत होता, आणि त्यांचे बंधू राजा गोविंदबक्ष यांच्याकडे औरंगाबाद व वऱ्हाडचा सुभा होता. चंदूलाल उर्दू व फारसी कवींचे आश्रयदाते, स्वतः ‘शादाँ’ या नावाने काव्य करणारे, दानशूर म्हणून साऱ्या हिंदुस्थानात प्रसिद्ध. त्यांच्या दारातून याचक विन्मुख गेला नाही असे सांगतात, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण त्या औदार्याचा पैसा सावकारांकडून उसना आलेला होता, आणि सावकारांना तो वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून परत मिळत होता. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, पेठेतील जो माणूस कवितेचा एक शेरही जाणत नव्हता, तो हैदराबादच्या मुशायऱ्याची वर्गणी भरत होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पेस्तनजींच्या आधी ज्या पेढीने दरबाराला कर्ज दिले तिची हकीगत अधिक नाट्यमय आहे, आणि राजकीय वशिल्याचा विषय निघाला की इंग्रज इतिहासकारांनाही ती टाळता आलेली नाही. पुण्याच्या रेसिडेन्सीत असलेल्या जनरल पामरचा, मुसलमान बेगमेपासून झालेला मुलगा विल्यम पामर याने १८१४ मध्ये हैदराबादेत कोठी उघडली. बंकटीदास नावाचे गुजराती सावकार तिचे भागीदार होते. इंग्रज प्रजाजनाने देशी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा १७९७ चा पार्लमेंटचा कायदा होता, पण गव्हर्नर जनरलची परवानगी असल्यास त्यातून सूट मिळे, आणि १८१६ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने ती दिली. कोठीचा आणखी एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड याची पत्नी ही हेस्टिंग्जच्या घरी त्याच्याच पालकत्वाखाली वाढलेली मुलगी होती, ही गोष्ट परवानगीच्या कागदावर अर्थातच नमूद नाही. हैदराबादच्या रेसिडेन्सीतील काही अधिकारी, फार काय तेथील डॉक्टरसुद्धा, कोठीत भागीदार होते. वऱ्हाडातील घोडदळाच्या पगाराचे एक स्वतंत्र खाते या कोठीत चालत असे आणि त्यापोटी वऱ्हाडचा वसूल तिच्याकडे लावून दिलेला असे.

१८२० साली या कोठीने चंदूलालांना साठ लाखांचे कर्ज दिल्याचे जाहीर झाले. जुनी देणी फेडून राज्य मार्गी लावावे हा त्याचा सांगितलेला हेतू. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने वह्या उलगडल्या तेव्हा निघाले ते असे, की प्रत्यक्षात बावन्न लाखच दिले गेले होते आणि वरचे आठ लाख ही भागीदारांनी स्वतःस घेतलेली बक्षिसी होती. एवढेच नव्हे, तर जुनीच बाकी नव्या नावाने बऱ्याच अंशी या कर्जात आली होती. मेटकाफ आणि हेस्टिंग्ज यांच्यात यावरून कडवट पत्रव्यवहार झाला. अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने ‘उत्तर सरकार’ या मुलखाच्या पेशकशीपोटी निजामाला दरसाल द्यावी लागणारी सात लाखांची रक्कम कायमची तोडून टाकली आणि त्याच्या मोबदल्यात कोठीचे देणे भागवले. म्हणजे कोठी मिटली, कर्ज फिटले, आणि राज्याचे एक कायमचे उत्पन्न गेले. १८२४ मध्ये कोठी बुडाली. मेटकाफने इंग्रज देखरेखदार नेमून गावोगाव काही वर्षांच्या मुदतीच्या जमाबंदीचा उपक्रम वऱ्हाडातही सुरू केला होता. तो काही काळ टिकला आणि १८२९ मध्ये नवा निजाम नासिरुद्दौला गादीवर येताच त्याच्या इच्छेवरून गुंडाळला गेला. पुन्हा इजारे आले. वऱ्हाडचा बहुतेक भाग हैदराबादचे बडे सावकार पुरणमल यांच्याकडे गेला, आणि १८३९ मध्ये रेसिडेंटच्या दडपणाने तो त्यांच्याकडून निघाला तेव्हा पुढचा धनको म्हणून पेस्तनजींचे नाव आले.

येथे मला पेस्तनजींची बाजू थोडी सविस्तर मांडली पाहिजे, कारण सावकार म्हटला की त्याला एकाच रंगात रंगवण्याची आपल्याकडे रीत आहे. पामर कंपनीने वऱ्हाडात वसुलीखेरीज काही केल्याचे दिसत नाही. पेस्तनजींच्या पेढीने कापूस पेरणाऱ्यांना सढळ हाताने आगाऊ रकमा दिल्या, खामगाव व इतर ठिकाणी रुईच्या गाठी बांधण्यासाठी दाबाचे स्क्रू बसवले, आणि निजामी मुलखातील मालाची निर्यात पद्धतशीर अंगावर घेतली. सैल भरलेली रुई बैलावर लादून घाट उतरवणे म्हणजे अर्धे भाडे हवेसाठी देणे. दाबून बांधलेली गाठ त्याच भाड्यात कितीतरी अधिक माल नेते. पुढे लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून जो कापूस विकला जाऊ लागला, आणि आगगाडी आल्यावर, विशेषतः अमेरिकेतील यादवीच्या काळात, ज्याने या प्रांताला ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सार्थ करून दाखवली, त्याचा रस्ता प्रथम या पेढीने आखला. वऱ्हाडच्या इंग्रजी गॅझेटियरकारांनीही एरवीच्या सावकारांविषयी जो कडक सूर लावला तो या पेढीविषयी लावलेला नाही.

मग असा व्यापारी राजदरबाराच्या कर्जात का शिरला? मला वाटते, शिरल्यावाचून त्याला व्यापार करता येत नव्हता. वाटेवरची जकात दरबाराची, टांकसाळीची सनद दरबाराची, कापूस पिकवणाऱ्याची मान परगण्याच्या अंमलदाराच्या हाती. ज्याची पेढी खामगावात आणि माल घाटावर, त्याने दरबारची मागणी नाकारणे म्हणजे दुसऱ्या दिवशी आपल्या बंड्या नाक्यावर अडकवून घेणे होते. या स्थितीत दिलेला पैसा धड कर्जही नसतो आणि धड नजराणाही नसतो. वहीत तो कर्ज म्हणून लिहिला जातो, दरबारात तो निष्ठा म्हणून स्वीकारला जातो, आणि जोवर दोन्ही पक्ष एकमेकांस उपयोगी आहेत तोवर या द्व्यर्थाची कोणास अडचण होत नाही. १८४१ मध्ये चंदूलालांनी पेढीच्या थकलेल्या रकमांपोटी वऱ्हाडच्या महसुलाचे मोठे हिस्से तिच्या नावे लावून दिले. कापसाचा व्यापारी परगण्याचा मालक झाला. ज्या शेतकऱ्याला काल आगाऊ रक्कम दिली, त्याच्याच शेताचा सारा आज वसूल करावयाचा, अशी दुहेरी भूमिका तिच्याकडे आली. आणि हे दुहेरी ओझे घेऊन चाललेल्या पेढीला दोन्ही बाजूंनी शत्रू निर्माण झाले असतील यात नवल नाही.

१८४३ मध्ये राज्य दिवाळखोरीच्या काठावर आणून चंदूलालांनी राजीनामा दिला. आश्रयदाता गेला आणि त्याच्याबरोबर आश्रयही गेला. १८४५ मध्ये पेस्तनजींना परगणे सोडण्याचा हुकूम झाला. त्यांच्या माणसांनी काही काळ विरोध केला, पण तो चालला नाही. पेढीच्या हिशेबाप्रमाणे सरकारकडे चाळीस लाख बाकी निघत होते, आणि त्या हिशेबावर दरबारचे अनेक आक्षेप होते. हा तंटा कोणत्या कोर्टात जावयाचा? निजाम आपल्या राज्यात सार्वभौम. कंपनी सरकार म्हणणार की आम्ही या कर्जाला जामीन नव्हतो. रेसिडेन्सीच्या दारापासून वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत दाद मागूनही पेढीचे समाधान झाले नाही. सिकंदराबादेत या बंधूंच्या नावाची अग्यारी १८४७ मध्ये, म्हणजे परगणे गेल्यावर दोन वर्षांनी उभी राहिली आणि ती आजही आहे. त्यांच्या उलाढालीचे डोळ्यांना दिसणारे हे एक चिन्ह.

या कथेचा खरा उपरोध मात्र पुढे आहे. पुरणमल आणि पेस्तनजी या दोघांविरुद्ध रेसिडेन्सीने जे म्हणणे मांडले ते असे, की सावकाराला मुलूख तारण देणे हे राज्याला व रयतेला विघातक आहे. आणि हे म्हणणे अगदी खरे होते. सावकार दूर झाले तरी कंटिंजंट फौजेचा पगार थांबणार नव्हता. तो आता कंपनीच्या खजिन्यातून उचल म्हणून दिला जाऊ लागला आणि निजामाच्या नावे व्याजासह चढू लागला. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांची अबकारी इंग्रज घेत होते ती आमच्या खात्यात जमा धरा, हा निजामाचा दावा ऐकूनही न ऐकल्यासारखा झाला. २१ मे १८५३ रोजी रेसिडेंट कर्नल लो याने नासिरुद्दौलाकडून तहावर सही घेतली. त्यान्वये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीने हैदराबादच्या सर्व सावकारांना हुसकून एकच सावकार शिल्लक ठेवला, आणि तो कंपनी सरकार होता. १८६० मध्ये पन्नास लाखांचे कर्ज माफ करून धाराशिव व रायचूर परत दिले गेले, वऱ्हाड मात्र परत दिला गेला नाही. निजामाचा दिवाण सर सालारजंग याने पुढे आयुष्यभर तो सोडवण्याची खटपट केली, तीही फळास आली नाही. आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने दरसाल पंचवीस लाखांच्या खंडाने तो कायमचा पट्ट्यावर घेतला. अमरावती-अकोल्याची माणसे आपला प्रांत नागपूरकरांच्या मध्यप्रांताला, ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावातल्या ‘व’ या अव्ययाने, जोडला गेला म्हणून पुढे पन्नास वर्षे कुरकुर करीत राहिली, त्या अव्ययाची जन्मकथा या सावकारी खात्यात आहे.

आता या पैशाची भरपाई कोणी केली, ते पाहू. पामरला उत्तर सरकारच्या पेशकशीतून मिळाले. चंदूलाल निवृत्त झाले. पेस्तनजींना पूर्ण मिळाले नाही. कंपनीला प्रांतच मिळाला. शिल्लक राहिला तो पऱ्हाटी पेरणारा कुणबी. त्याने पुरणमलाच्या नायबाला सारा दिला, पेस्तनजींच्या नायबाला दिला, आणि अंमल बदलताना जुन्याची पावती नवा मानत नसल्यामुळे कधी एकाच सालाचा दोघांनाही दिला. १८३२-३३ च्या दुष्काळाने माणसे देशोधडीस लागली तेव्हाही इजाऱ्याची रक्कम कमी झाली नव्हती. त्याच्याशी कोणी करार केला नव्हता, कर्जाची रक्कम त्याला ठाऊक नव्हती, व्याजाचा दर त्याला विचारला गेला नव्हता. दरबारी कर्जाचा दोष व्याजाच्या दराहून अधिक या गोष्टीत आहे, असे माझे मत आहे: पैसे देणारा आणि घेणारा हे दोघेही ज्याला ओळखत नाहीत अशा तिसऱ्याने ते फेडावयाचे असतात.

हे झाले दरबारी कर्ज; त्याहून वेगळी अशी राजकीय देणगी ही वस्तू वऱ्हाडात आली ती राष्ट्रीय सभेबरोबर. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि टिळक त्या वेळी तुरुंगात होते. मंडप, प्रतिनिधींची व्यवस्था, छपाई या सर्वांचा खर्च यजमान गावाने वर्गणीने उभा करावा अशी तेव्हाची प्रथा होती. राज्य हाती नसलेल्या पक्षाला पैसे देण्यात धनिकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे: यातून परगणा मिळणार नाही, उलट डेप्युटी कमिशनरसाहेबांची भुवई वर चढेल.

या नव्या व्यवहारातील सर्वांत मोठा पेढीवाला वऱ्हाडच्या सीमेपलीकडे, वर्धा नदीच्या पूर्वेस होता. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल बजाज लहानपणीच वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. कापूस, जिनिंग, सावकारी हा त्या पेढीचा धंदा, म्हणजे पेस्तनजींचाच धंदा. नागपूरहून टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती निघाली तेव्हा या मुलाने रोजच्या एका रुपयाच्या हातखर्चातून साठवलेले शंभर रुपये तिला दिले, ही त्याची पहिली सार्वजनिक देणगी म्हणून सांगितली जाते. पुढे सरकारने त्यांना रायबहादूर केले. १९२१ मध्ये त्यांनी ती पदवी परत केली. १९२० च्या नागपूर अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष झाले, त्याच वर्षी काँग्रेसचे कोषाध्यक्ष झाले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी देह ठेवीपर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिले. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात १९२३ मध्ये ते तुरुंगात गेले.

मार्च १९२१ अखेर बेजवाड्यास ठरलेला टिळक स्वराज्य फंड ३० जूनपर्यंत एक कोटीचा करावयाचा होता, आणि तो झाला. त्यात कामगारांचे आणे होते, स्त्रियांनी उतरवून दिलेले दागिने होते, आणि आर्देशिर गोदरेज या पारशी कारखानदाराचे तीन लाखही होते. काँग्रेसने भाषावार प्रांत पाडले तेव्हा वऱ्हाडची प्रांतिक समिती वेगळी झाली, तिचे ठाणे अमरावती. १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर जे मीठ शिजले आणि पुसदच्या जंगलात जो गवत कापण्याचा सत्याग्रह झाला, त्यांची सोय अशाच लहानमोठ्या रकमांनी केली. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी या काळातले वऱ्हाडचे एक ठळक नाव. तेच पुढे जुन्या मध्यप्रदेशाचे अर्थमंत्री झाले.

या धनिकांच्या त्यागात स्वार्थाचा अंश नव्हताच असे मात्र मी म्हणणार नाही. विलायती कापडावर बहिष्कार पडला की देशी गिरणीचा माल खपतो, आणि गिरणीचा माल खपला की रुईचा भाव सुधारतो, हे कोणा मारवाडी किंवा गुजराती पेढीवाल्यास गणित मांडून दाखवावे लागत नव्हते. तरीही पामरच्या खात्यात आणि जमनालालजींच्या खात्यात एक मूलभूत फरक राहतो. काँग्रेसच्या फंडाची वही कोषाध्यक्षाने समितीपुढे मांडावी, हिशेब तपासनिसाने तपासावी, आणि ज्याने एक आणा दिला असेल त्यानेही तो कोठे गेला असे विचारावे, ही अपेक्षा तेथे होती. ती नेहमी पुरी झाली नाही; फंडाच्या विनियोगावरून वर्तमानपत्रांत वादळे उठली. पण मेटकाफला ज्या वह्या रेसिडेंटपणाच्या अधिकारात ओढून काढाव्या लागल्या, तसल्या वहीबद्दल भर सभेत तोंड उघडण्याचा हक्क आता साध्या सभासदाला होता.

स्वातंत्र्यानंतर राज्य हाती आले, आणि परगण्याच्या जागी परवाना आला. कंपनी कायद्याचे मोठे विधेयक १९५३ ते १९५५ या काळात लोकसभेत ज्यांनी पुढे नेले ते चिंतामणराव देशमुख हे आपल्या पिढीतले सर्वांत ज्येष्ठ बँकर. महाडजवळच्या नाते गावचे, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले, मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचे अर्थसचिव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या कायद्यात कंपनीने पक्षाला देणगी द्यावी की न द्यावी याविषयी स्पष्ट बंधन नव्हते, आणि ते न घालणे ही चूक होती असे पुढल्याच वर्षी दिसले: टाटा पोलाद कंपनीने पक्षनिधीस वर्गणी देण्याचा अधिकार आपल्या घटनापत्रात घालून घेण्यासाठी अर्ज केला, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात अडथळा नसल्यामुळे तो मंजूर केला, परंतु यात लोकशाहीला धोका आहे आणि संसदेने लक्ष घालावे असा इशारा त्याच निकालात दिला. १९६० मध्ये पंचवीस हजार किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांतील मोठी रक्कम ही मर्यादा आली. १९६९ मध्ये, म्हणजे चौदा बँका सरकारी झाल्या त्याच वर्षी, कंपन्यांच्या राजकीय देणगीवर सरसकट बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली. २०१३ च्या कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली. २०१७ मध्ये मर्यादाच काढून टाकली गेली.

त्यानंतर आले निवडणूक रोखे. हजारापासून कोटीपर्यंतच्या ठरावीक किमतींचे हे कागद फक्त स्टेट बँकेत मिळत. ही बँक १९५५ मध्ये देशमुखांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात अस्तित्वात आली होती. घेणाऱ्याची ओळखपत्रे बँक तपासून ठेवी, पक्षाने रोखा पंधरा दिवसांत वटवावयाचा, आणि कोणी कोणास किती दिले ते जनतेस कळावयाचे नाही. अशा धारकास देय कागदांविषयी रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती. ती मानली गेली नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना आणि अमर्याद देणगीची मुभा दोन्ही घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये बँकेने याद्या दिल्या, त्याही आधी रोख्यांच्या क्रमांकांशिवाय. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर क्रमांक आले आणि देणारा व घेणारा यांची जोडी लावता आली. त्या जोड्यांपैकी किती देवघेव कंत्राटाशी, किती चौकशीशी आणि किती निव्वळ सहानुभूतीशी जुळते, याचा वाद अद्याप चालू आहे, आणि तो चालू राहणे मला इष्ट वाटते.

वऱ्हाडात आज पेढीच्या गादीवर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक बसली आहे. पीककर्ज तिच्यातून जाते, आणि तिच्या संचालक मंडळाची निवडणूक ही तालुक्याच्या राजकारणाची रंगीत तालीम असते. एकापेक्षा अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थांना राजकीय पक्षाच्या हितासाठी झटणाऱ्या संघटनेला पैशाने किंवा वस्तुरूपाने मदत करण्याची कायद्याने मनाई आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांना राजकारणात सक्रिय भाग घेता येत नाही. पण पैसा देणगीच्या रूपाने जावा लागतोच असे कोठे आहे? कोणाचे कर्ज पुनर्गठित झाले, कोणाच्या तारणाची किंमत उदारपणे ठरवली गेली, कोणाच्या थकबाकीची नोटीस निवडणूक होईपर्यंत टेबलावर पडून राहिली, ही पेस्तनजींच्या काळातील वरातीचीच आधुनिक भावंडे आहेत, आणि पक्षनिधीच्या कोणत्याही यादीत ती सापडत नाहीत. ती शोधावयाची असतील तर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात थकबाकी, संचालक व त्यांचे नातेवाईक यांना दिलेली कर्जे आणि निर्लेखित रकमा ही तीन पाने वाचावी लागतात. अहवाल सभासदाला मागितल्यास मिळतो. वीस हजारांवरील देणग्यांची पक्षांनी दिलेली विवरणे निवडणूक आयोगाकडे कोणासही पाहता येतात. आणि कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले हे तिच्या नफातोटा पत्रकात लिहिण्याची जुनी अट न्यायालयाच्या निकालाने पुन्हा लागू झाली आहे.